खेकड्याची आई

आमच्या घरमालकीणबाईंची छत्री उघडलेली मी बारा वर्षांत एकदाही पाहिली नाही. पावसात त्या इरलं घेत आणि उन्हात पदर. छत्री होती ती चिखल मोजायला. मिटलेल्या काळ्या कापडावर टोकापासून वीत-वीत अंतरावर लाल दोरे बांधलेले होते. खाडीच्या काठाशी गेलं की छत्री चिखलात खुपसायची. पहिल्या दोऱ्यापर्यंत गेली तर खुशाल पुढे पाऊल टाकायचं, दुसऱ्यापर्यंत गेली तर विचार करायचा आणि तिसऱ्यापर्यंत गेली तर मुकाट्याने घरी येऊन चहा टाकायचा. "आपण किती बुडणार ते आधी कळलं म्हणजे माणूस बुडत नाही," असं त्या म्हणत. शेजारच्या मोरवा गावची मंडळी त्यांना चिखलबाई म्हणायची, तोंडावर म्हणायची, आणि बाईंना त्याचा अभिमान होता.

लग्न होऊन मी रत्नागिरीहून भाईंदरला आले, ती बाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत. हे गोरेगावला एका कारखान्यात होते. त्या वेळी स्टेशनच्या पश्चिमेला चार दुकानं मागे टाकली की मिठागरं सुरू व्हायची, आणि मिठागरांच्या पलीकडे तिवरांची झाडी नि खाडी. इथे माणसं राहतात तरी कशी, असं मला पहिले सहा महिने वाटत होतं. गावच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई मात्र शाळा सुटली की दप्तर ओटीवर टाकायच्या, चपला पिशवीत घालायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायच्या आणि बांधाबांधाने चालू लागायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती नव्हती. आम्हाला मासळी घालणारी मोरव्याची हिराबाय होती, तिला असली भीडभाड नव्हती. तिने एकदा विचारलंच. बाई म्हणाल्या, "अगं, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळू की नवऱ्याच्या?" हिराबायला ते इतकं पटलं की पुढे ती स्वतःच्या नवऱ्याला ते ऐकवायची.

बाई मुलांसाठी पुस्तकं लिहीत. बारीक, मधोमध टाचलेली, बत्तीस पानांची पुस्तकं. एक बगळ्यावर होतं, एक तिवराच्या झाडावर, एक नुसतं मिठावर. गिरगावातले एक प्रकाशक ती छापत, आणि दर वेळी कळवळून पत्र लिहीत की बाई, मुलांना सिंह आवडतो, हत्ती आवडतो, एखादं माकड तरी घाला. बाईंनी उत्तरादाखल टाकलेलं कार्ड मी स्वतः पेटीत टाकलं होतं. त्यावर एवढंच होतं : "सिंह भाईंदरला आला की कळवावे. पाहीन आणि लिहीन."

हा त्यांचा कायदा. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. आणि प्राण्यांना बोलायला लावायचं नाही. "खाडीतल्या कोणालाही मराठी येत नाही," त्या म्हणत, "मी चौकशी केली आहे." 'सुंदर' या शब्दाला तर त्यांच्या घरात बंदी होती. एकदा मी मिठाच्या ढिगांवर पडलेलं ऊन पाहून "किती सुंदर!" म्हणाले, तर म्हणाल्या, "म्हणजे तू पाहिलंच नाहीस. पाहिलं असतंस तर रंग सांगितला असतास." मला राग आला. मग मी पुन्हा पाहिलं, तर ते ढीग पांढरे नव्हतेच. खालून चक्क गुलाबी होते.

लिहिलेलं पारखायची त्यांची रीत निराळी होती. रविवारी सकाळी ओटीवर दहा-बारा पोरं जमवायची, प्रत्येकापुढे उकडलेल्या शेंगा ठेवायच्या आणि कच्चं लिखाण वाचून दाखवायचं. वाचताना बाईंची नजर पोरांच्या तोंडाकडे नसे, पायांकडे असे. "तोंडं लबाड असतात गं, शेंगा मिळतात म्हणून आवडल्यासारखं दाखवतात. पायाची बोटं खोटं बोलत नाहीत." बोटं चुळबुळायला लागली की तिथे पेन्सिलीची खूण, आणि संध्याकाळी तो परिच्छेद गेला. मी विचारलं, "बाई, एवढं चांगलं लिहिलेलं कापता?" तर म्हणाल्या, "चांगलं असेल. पण सात जोडी पाय घरी निघाले होते."

आमच्या यांची आणि बाईंची एकदाच काय ती खडाजंगी झाली, तीही निवटीवरून. निवटी म्हणजे चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा. पाण्याबाहेरही मजेत राहतो, हिराबायकडे विकायलाही असतो. बाई तो जिवंत विकत घ्यायच्या, चार दिवस निरखायच्या आणि खाडीत नेऊन सोडायच्या. हिराबाय डोक्याला हात लावायची. बाकी बाई मासे आवडीने खात, फक्त "ओळख झालेला" खात नसत. तर एके दिवशी हे पंचा नेसून मोरीत गेले आणि ओरडत बाहेर आले, "बाई! घंगाळात मासा आहे!" बाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "आहे ना. जरा थांबा, आत्ताच कुठे स्थिरावलाय." हे तसेच पारोसे कामावर गेले. पुढे कुठेही गेले, अगदी दादरला बहिणीकडे, तरी आंघोळीआधी घंगाळात डोकावायची त्यांची सवय गेली नाही.

आता जे सांगायचं आहे ते इतकं हसत सांगता येणार नाही.

तिसऱ्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. सातवा महिना होता. गावाहून सासूबाई आल्या, रडल्या, परत गेल्या. हे कामावर जायला लागले. मी खिडकीशी पडून राहायची. भेटायला येणाऱ्या बायका "देवाची इच्छा" म्हणायच्या, बाई काहीच म्हणायच्या नाहीत. त्या रोज यायच्या, पेज द्यायच्या आणि ताट उचलून जायच्या. एके दुपारी त्यांनी एक काचेची बरणी माझ्या खिडकीत ठेवली, शेजारी कागद आणि पेन्सिल ठेवली. बरणीत थोडा चिखल होता आणि एक खेकडा. एवढासा, रुपयाएवढा. पण त्याचा एक डेंगा, म्हणजे पुढची नांगी, अंगापेक्षा मोठी आणि लालभडक, आणि दुसरा अगदी नखाएवढा. हा खेकडा कुणी खात नाही, म्हणून गावात त्याला धड नावही नव्हतं. पोरं त्याला हातहलव्या म्हणायची. "शाळेत असताना चित्रं काढायचीस म्हणालीस ना," बाई म्हणाल्या. "हे काढ. खाडीच्या पुस्तकाला चित्रं हवी आहेत."

मी काढायला लागले. आधी वाईट, मग जरा बरी. मी जवळ गेले की तो खेकडा मोठा डेंगा वर करायचा, खाली करायचा. त्याच्याकडे पाहत मी एकदा बोलून गेले, "बाई, ही आई असेल. पिलांना घरी बोलावतेय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखवलं : "भरती यायच्या आधी खेकड्याची आई दारात उभी राहते आणि मोठा हात हलवून पिलांना घरी बोलावते." मी पुष्कळ दिवसांनी रडले. त्या रात्री जेवले.

पुस्तक झालं. मुखपृष्ठावर बाईंच्या नावाखाली 'चित्रे' म्हणून माझं नाव होतं. माझं नाव लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदा छापलेलं मी पाहत होते. आणि काय नवल, ते पुस्तक चाललं! त्यातही तेच वाक्य. पोरं शाळेत एकमेकांना हात हलवून बोलवायला लागली. ओटीवर वाचलं तेव्हा पायाचं एक बोट हललं नव्हतं. प्रकाशकांचं पत्र आलं, त्यात पहिल्यांदाच सिंह नव्हता. लिहिलं होतं की तालुक्याच्या शिक्षणखात्याचे साहेब पुस्तकावर खूश आहेत. ते बाईंच्या शाळेत स्नेहसंमेलनाला येणार आहेत. त्यांनी शिफारस केली की हे पुस्तक सगळ्या शाळांत जाईल, आणि मग बाईंनी लिहिलेली, मी चित्रं काढलेली सहा पुस्तकांची मालाच काढू. सहा पुस्तकं! मी ते पत्र डब्यात तांदळाखाली ठेवलं होतं, आणि दिवसातून दोनदा काढून वाचत होते.

संमेलनाच्या आदल्या दिवशी सकाळी हिराबाय आली. टोपलीत बोंबलांशेजारी ते पुस्तक.

"बाय, यो काय लिवलाय तुमी?" ती दारातूनच म्हणाली. "माजी नात वाचून दाखवीत व्हती. मी हसून हसून मेलू. मोटा डेंगा बापसाला असतो, आयशीला न्हाय. आयशीचे दोनी डेंगे बारके."

बाई म्हणाल्या, "हिराबाय, दोन्ही बारके असलेला तो निराळ्या जातीचा खेकडा."

"निराला कशाला? त्याची बायको हाय ती. जनम गेला माजा त्या चिखलान, मला सांगतंस?"

बाईंचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली, छत्री घेतली आणि ओहोटीला गेल्या. या खेकड्यांचं असं असतं की माणसाची सावली हलली तरी सगळे बिळात जातात. अर्धा तास दगडासारखं बसावं तेव्हा एकेक वर येतो. बाई दुपारभर बसल्या. परत आल्या तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत आणि हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या. "इतकी वर्षं नवराबायकोला मी दोन जाती समजत होते."

मी म्हटलं, "बाई, उद्याचा दिवस जाऊ द्या. साहेबांची शिफारस होऊ द्या. दुसऱ्या आवृत्तीत बदलू. एका खेकड्याने काय बिघडतंय?"

"आणि उद्या संमेलनात पोरं ते वाक्य म्हणणार आहेत त्याचं काय?"

"मुलं विसरतील हो."

"मुलं विसरत नाहीत. म्हणून तर मी मोठ्यांसाठी लिहीत नाही."

मी त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. सहा पुस्तकं होती ती. त्या दोन खोल्यांतून आणि त्या वर्षातून बाहेर पडायची माझी एकुलती एक वाट होती. बाईंना ते माहीत नव्हतं असं नाही.

संमेलनात शंभर पोरांनी उजवा हात हलवून ते वाक्य एका सुरात म्हटलं. साहेब खरोखर भले गृहस्थ होते. भाषणात म्हणाले, हे वाचताना मला माझी आई आठवली. टाळ्या झाल्या. मग बाई उठल्या, नेहमीसारख्याच, पदर खोचून.

"साहेबांना आई आठवली, चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण मुलांनो, ते वाक्य खोटं आहे. मोठा डेंगा बाबांना असतो. आईला नसतो. ही चूक माझी. मी न पाहता लिहिलं. मला काल मोरव्याच्या हिराबायने शिकवलं."

साहेबांचं हसू तिथल्या तिथे राहिलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "मग बाई, आई काय करते?"

"आई जेवते," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. बाबांना मोठ्या हाताने घास घेता येत नाही, त्यांना एका हाताने जेवावं लागतं." पोरं खदखदून हसली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ते वाक्य मुळात कुणाचं, हे त्या सभेत दोघींनाच ठाऊक होतं. एकीने तोंड उघडलं होतं आणि दुसरीने उघडलं नाही.

शिफारस झाली नाही. चुकीचं पुस्तक साहेब तरी कसं पुढे करणार? मालाही बारगळली. बाईंनी मग कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, एकेकीवर स्वतःच्या हाताने बरोबर मजकूर लिहिला, खळीचा डबा घेतला आणि जिथे जिथे पुस्तक गेलं होतं तिथे निघाल्या. राईला गेल्या, मुर्ध्याला गेल्या, डोंगरीला, उत्तनला. वर्गात उभं राहून "मी चुकले" म्हणायच्या आणि पोरांकडूनच त्या जागी चिठ्ठी चिकटवून घ्यायच्या. उत्तनच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं म्हणे, "बाय, एका खेकड्यासाठी एवढी चाललंस?" बाई म्हणाल्या, "नाही हो, दोन. नवरा आणि बायको."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. रागावले होते असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि लाज रागासारखी दिसली की माणसाला बरं वाटतं. शेवटी एके संध्याकाळी ओटीवर त्या चिठ्ठ्या कापत होत्या तेव्हा मी भडाभडा बोलले, "माझं नाव का नाही घेतलंत? वाक्य माझं होतं!"

बाईंनी कात्री खाली ठेवली. "वाक्य तुझं होतं. पण लिहिलं मी. त्या दुपारी ओहोटी होती, मी जाऊन पाहू शकले असते. गेले नाही. पाहिलं आणि खोटं निघालं, तर तुला काय सांगू? मी घाबरले गं. इतकी वर्षं पोरांना सांगत आले की पाहायला घाबरू नका, आणि स्वतः घाबरले. मग चूक कुणाची?"

मी विचारलं, "आणि पिलं? पिलांना बोलावते तरी का?"

दुसरं कुणी असतं तर खोटं बोललं असतं. "नाही," बाई म्हणाल्या. "अंडी पोटाशी सांभाळते. दिवस भरले की भरतीच्या पाण्यात सोडते. पुढे ती कुठे जातात ते तिला कळत नाही."

मी उठून खोलीत गेले. दार लावून घेतलं. सकाळी दाराखालून सरकवलेली एक चिठ्ठी मिळाली, बाकीच्यांसारखीच, बरोबर मजकुराची. आणि खाली पेन्सिलीने : "ही तुझ्या प्रतीसाठी. पाहून आलीस की चिकटव. त्याआधी नको."

मी पाहायला गेले नाही. पुढे मला मुलगी झाली, संसार भरला, बाईंच्या आणखी तीन पुस्तकांना मी चित्रं काढली. पण खेकडे पाहायला खाडीवर चल म्हटलं की मला काहीतरी काम निघायचं. माझ्या प्रतीत ती आई दारात उभी राहून हात हलवत होती, तिला तशीच राहू दे, असं मला वाटायचं. बाईंनी एकदाही विचारलं नाही. चिठ्ठी पुस्तकात होती, पिवळी पडत चालली होती.

मग बाईंचे डोळे गेले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्याला लाभली नाही, दुसऱ्याला धूसर दिसायचं. लाल दोऱ्यांची छत्री शेवटी काठी झाली. तोवर मिठागरांच्या कडेने भराव पडायला लागला होता, इमारती उठत होत्या. एके सकाळी त्या मला म्हणाल्या, "आज अकराला ओहोटी आहे. मला नेतेस का? मला दिसत नाही, तू सांग."

आता नाही कसं म्हणणार? मी दोघींचा डबा भरला, पिशवीत घातला, आणि का कोण जाणे, ते पुस्तकही घातलं.

बांधावर बसलो. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणजे हलायचं नाही. मला वाटलं काहीच होणार नाही. मग चिखलात एक बीळ हललं, मग दुसरं, आणि बघता बघता समोरची सगळी जमीन लाल डेंग्यांनी हात हलवायला लागली.

"काय दिसतंय?" बाई हळूच म्हणाल्या. "सुंदर म्हणायचं नाही."

"बाबा लोक हात हलवताहेत. बरेच. काहींचा उजवा मोठा आहे, काहींचा डावा."

"आणि ती?"

मला शोधायला वेळ लागला. मग दिसली. एका बिळापाशी, चिखलाच्याच रंगाची, दोन्ही हात लहान. एकदा डावा हात तोंडाकडे, एकदा उजवा. चिखल उचलायची, त्यातलं हवं ते घ्यायची, उरलेल्याची बारीकशी गोळी करून बाजूला ठेवायची. तिच्याभोवती गोळ्यांची नक्षी झाली होती.

"कुणाला बोलावतेय का?" बाईंनी विचारलं.

मी पुन्हा नीट पाहिलं, कारण बाईंना चुकीचं सांगायचं नव्हतं.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "जेवतेय. दोन्ही हातांनी."

"हं," बाई म्हणाल्या. "असंच असतं."

आम्ही भरती येईपर्यंत बसलो. मग मी पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं. खळ कुठून आणणार? डबा उघडला, भाताची दोन शितं घेतली, बोटाने चिठ्ठीच्या मागे चोळली आणि ती जागेवर बसवली. बाईंनी हात पुढे केला, कडा चाचपून पाहिल्या आणि एका कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला. डबा उघडलाच होता, म्हणून आम्ही तिथेच जेवून घेतलं.